खोकायला जागा

सिस्टरने भिंतीला तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. म्हणाली, ही भिंत आहे का भट्टी? पलंगावर बसलेले मेस्त्री नाकातल्या नाकात हसले. सत्तावीस वर्षं त्यांनी फाउंड्रीत काढली होती. भट्टी म्हणजे काय ते या पोरीला कुणी सांगावं? पण हसणंही त्यांना झेपलं नाही. हसता हसता धाप लागली, आणि ती खाली बसेपर्यंत सिस्टर त्यांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा बघत उभी राहिली.

छातीच्या दवाखान्याने यंदाचं ऊन बघून जुन्या पेशंटांच्या घरी सिस्टर पाठवायला सुरुवात केली होती. तीन आठवडे झाले, पारा खाली यायचं नाव घेत नव्हता. मेस्त्रींचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. डोक्यावर थेट गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब दिवेलागणीनंतरही आग ओकत राही. सिस्टरने मेस्त्रींच्या बायकोला, काकूंना, एकेक गोष्ट समजावून सांगितली. खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद करायच्या, बाहेरून जाड कापड लावायचं. मानेवर, काखेत, मनगटांवर ओली फडकी. पंखा नुसता अंगावर सोडायचा नाही, तो गरम हवाच मारतो. आधी अंग ओलं करायचं, मग पंखा. तहान लागो न लागो, घोट घोट पाणी. तोंडात मारायचा औषधाचा पंप खिडकीत ठेवायचा नाही. ओठ निळसर दिसले, किंवा बोलण्यात काही भलतंच यायला लागलं, तर वाट बघत बसायचं नाही.

काकू मान डोलवत होत्या. हे सगळं करणं त्यांच्या हातातलं होतं.

"पण खरी गोष्ट वेगळीच आहे," सिस्टर म्हणाली. "अकरा ते पाच यांनी या खोलीत असायलाच नको. घरातली सगळ्यात थंड खोली कुठली?"

मेस्त्रींचे आणि काकूंचे डोळे एकाच दाराकडे गेले. दार बंद होतं आणि त्याच्यामागे एसीची घरघर ऐकू येत होती.

"तिथे मुलाचं ऑफिस चालतं," काकू हळूच म्हणाल्या.

"ऑफिसला दम लागतो का?" सिस्टरने विचारलं, आणि पिशवी उचलून ती पुढच्या घरी गेली.

काकूंना सगळी वस्ती काजेकाकू म्हणत असे. नव्याने राहायला आलेल्यांना ते आडनाव वाटायचं. टपालवाल्यानेसुद्धा एकदा कुणाचं तरी पत्र त्या नावावर आणून दिलं होतं. खरं कारण एवढंच, की बाजारातल्या दुकानदारांचे सदरे काज-बटणासाठी त्यांच्याकडे येत. दिवसाला चाळीस चाळीस सदऱ्यांची काजं त्यांनी केली, तीही बरीचशी हाताने. घरात मशीन होतं. पण मेस्त्रींची पाळी रात्रीची. ते सकाळी घरी येऊन झोपत आणि मशीनच्या खडखडाटाने त्यांची झोप मोडे. म्हणून दिवसा हाताने काजं आणि संध्याकाळी मशीन, असा त्या घराचा शिरस्ता पडून गेला होता. मेस्त्रींची झोप मोडली तर काय होतं, हे घरातल्या भांड्यांनासुद्धा माहीत होतं. भांडी त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन पडत.

आता त्या गोष्टीलाही जमाना झाला होता. साच्याची रेती झाडता झाडता तिची धूळ मेस्त्रींच्या छातीत कायमची मुक्कामाला आली होती. ज्या माणसाच्या हाकेने शंभर माणसं जागची हलत, त्याला आता पलंगावरून संडासापर्यंत जाताना मध्ये एकदा खुर्चीचा आधार घ्यावा लागे.

संध्याकाळी मुलगा बाहेर आला तेव्हा काकूंनी विषय काढला. दिवसभर मनात शब्दांची जुळवाजुळव केली होती, पण तिची गरजच पडली नाही. मुलगा लगेच हो म्हणाला. आधी का नाही सांगितलंस, असंही म्हणाला. स्वतःच हातांची खुर्ची उचलून आत घेऊन गेला, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ठेवली, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यात ती येत नाही ना हे दोनदा बघितलं, आणि काकूंसाठी बाजूला एक स्टूलही ठेवलं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने येताना पाणी प्यायची नळी असलेला पेला आणला. आपल्या माणसांबद्दल आपण उगाच शंका घेतली, असं वाटून काकू ओशाळल्या.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. मेस्त्री अकराला आत गेले आणि साडेअकराला खुर्चीतच झोपले. कित्येक दिवसांत त्यांना अशी झोप लागली नव्हती. काकू स्टुलावर बसून त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. नखांचा जांभळेपणा हळूहळू उतरत गेला, छातीचा भाता सावकाश चालायला लागला. मुलगा कानाला यंत्र लावून कुणाकुणाशी बोलत होता. मध्येच त्याने मान वळवून बापाकडे पाहिलं आणि आईकडे बघून हसला. काकूंनी तो दिवस मनात घडी घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोकला आला.

तो खोकला साधा नव्हता. पोटातून उठायचा, छाती खरवडत वर यायचा आणि घशाशी येऊन अडायचा. मग तो सुटेपर्यंत दोन दोन मिनिटं माणूस वाकून वाकून खोकत राहायचा. शेजारच्या जिन्यातल्या लोकांनाही त्याची सवय झाली होती. पण पडद्यावरच्या आठ माणसांना नव्हती. मुलाने घाईघाईने बटण दाबून आवाज बंद केला, पण तेवढ्यात त्याचीच बोलायची पाळी आली. बटण सोडलं तर खोकला, दाबलं तर बोलणं खुंटलेलं. पलीकडून साहेब काहीतरी म्हणाला आणि बाकीचे हसले. मुलगाही त्यांच्याबरोबर हसला. काकूंना शब्द कळले नाहीत, पण हसणारा मुलगा मानेपर्यंत लाल झालेला त्यांनी पाहिला.

त्या संध्याकाळी त्याने आईला स्वयंपाकघरात गाठलं. साहेबाने विचारलं होतं, घरात दवाखाना काढलाय का? गेल्या महिन्यात त्याच्या खात्यातले निम्मे लोक घरी बसवले होते. उरलेल्यांतला कोण कधी जाईल याचा नेम नव्हता. बाबांना यायला त्याची ना नव्हती. फक्त खोकला येतोय असं वाटलं की त्यांनी तेवढ्यापुरतं बाहेर जावं.

काकूंनी मेस्त्रींना सांगितलं. मेस्त्री बरं म्हणाले.

पण खोकला काही सांगून येत नाही, आणि मेस्त्रींचं उठणं म्हणजे एक मोहीमच. हातांवर जोर द्यायचा, उभं राहायचं, थांबायचं, मग सात पावलं दाराकडे. तिसऱ्या दिवशी ते दोनदा उठले आणि दोन्ही वेळा दाराच्या अलीकडेच उबळीने त्यांना गाठलं. बाहेरच्या खोलीतली गरम हवा छातीत गेली की उबळ आणखीच जोर धरी. परत आत येईपर्यंत ते घामाने निथळत आणि पाय लटपटत. सुनेने सुचवलं, की नवऱ्यानेच थोडे दिवस बाहेर बसून काम करावं. त्याने तेही केलं. चौथ्या दिवशी सकाळी टेबल बाहेर आलं, वायरी आल्या. दीड वाजता त्याचा कॉम्प्युटर तापून बोलता बोलता बंद पडला. टेबल ताबडतोब आत गेलं. यंत्राला ऊन सोसत नाही, हे सगळ्यांना लगेच पटलं.

पाचव्या दिवशी मेस्त्रींनी नवा मार्ग काढला. ते आत बसले आणि खोकलेच नाहीत.

काकूंना आधी बरं वाटलं. मग त्यांनी नीट पाहिलं. मेस्त्रींनी टॉवेलचा बोळा करून दातांत धरला होता. उबळ आली की डोळे विस्फारत, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तटतटत, खांदे वर जाऊन तिथेच थांबत. आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी मात्र गालांवर ओघळत होतं. मग ती लाट ओसरे आणि ते टॉवेल काढून नाकाने हवा ओढत. ओढलेली हवाही हळू, बेताबेताने सोडत. समोर मुलगा पडद्याकडे बघून बोलत होता. पाठ वळलेली असल्यामुळे त्याला यातलं काही दिसत नव्हतं.

साडेतीनच्या सुमाराला मुलाचा साहेब पडद्यावर आला. मुलगा खुर्चीत ताठ बसला. त्याच क्षणी मेस्त्रींच्या हातातला टॉवेल गळून मांडीवर पडला आणि घशातून पहिला ठसका निसटला. मुलाची पाठ आक्रसली.

काकूंनी टॉवेल उचलला आणि नवऱ्याच्या तोंडावर दाबला.

विचार करून केलं असं नाही. हात आपोआप गेला, उतू चाललेल्या दुधाकडे जातो तसा. त्यांच्या तळव्याखाली तो खोकला धडका मारत होता. चार, पाच, सहा धडका त्यांनी मोजल्या. मेस्त्रींनी त्यांचा हात काढला नाही. नुसते टॉवेलच्या वरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर काकूंना सोसला असता. रागाची त्यांना आयुष्यभराची सवय होती. पण ते शहाण्या मुलासारखे बघत होते. दाब, अजून दाब, मी आवाज करत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी मेस्त्री पलंगावरून उठले नाहीत. काकूंनी हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला.

"मला नाही जायचं आत."

"अहो, सिस्टर काय सांगून गेली ते ऐकलंत ना?"

"ऐकलं." ते थांबले, दोन श्वास घेतले. "इथं खोकता तरी येतं."

काकू तडक आत गेल्या. मुलगा नुकताच कॉम्प्युटर उघडत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला धारेवर धरलं. बाप बाहेर भाजून निघतोय आणि तुला साहेबाचं हसणं मोठं झालं का, असं विचारलं. त्यांचा आवाज चढला. मुलाने तो चढू दिला. मग खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आई, या घरात मी अख्खं लहानपण चवड्यांवर चाललोय. गोट्या फरशीवर पडतील म्हणून मी त्या गादीवर खेळायचो. मला एकदा डांग्या खोकला झाला होता, आठवतंय? तू माझ्या तोंडावर उशी धरायचीस. बाबा झोपलेत, बाबा झोपलेत. दुसरं वाक्यच नव्हतं तुझ्याकडे."

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मी सूड घेत नाहीये," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "माझी नोकरी आहे. त्यांचीही नोकरीच होती ना? तेव्हा आपण सगळे गप्प बसलोच ना?"

काकूंना ती उशी आठवत होती. निळी होती, तिचा अभ्रा त्यांनीच शिवला होता. त्या बाहेर आल्या तर मेस्त्री भिंतीला टेकून बसलेले. मधली भिंत एका विटेची. ऐकू न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

"खरं बोलला," मेस्त्री म्हणाले. एवढंच.

मग काकूंनी त्या खोलीशी लढायचं ठरवलं. खिडकीच्या मापाची जाड चादर घेतली, तिला बाहेरून पांढऱ्या कापडाचं अस्तर लावलं, कडेने काजं करून खिळ्यांना अडकवता येईल असा पडदा दीड तासात शिवला. मशीन खुशाल धडधडू दिलं. खोलीच्या मध्यात दोरी बांधून ओल्या चादरी टांगल्या. मेस्त्रींचे पाय पाण्याच्या टपात, मानेवर ओलं फडकं, दर पंधरा मिनिटांनी नळीने पाणी. फडकी बदलता बदलता त्यांची स्वतःची बोटं सुरकुतली. संध्याकाळी सूनही येऊन हातभार लावी. आणि मेस्त्री खोकत. मनसोक्त, घर दणाणून सोडत खोकत. आतून मुलाचा बोलण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबे आणि पुन्हा सुरू होई. दार नीट बंद राहावं म्हणून त्याने फटीला कापडाची पट्टी लावून घेतली. पट्टी कापून काकूंनीच दिली.

दोन दिवस असे निघाले. तिसऱ्या दिवशी पारा आणखी दोन अंशांनी चढला आणि दुपारी एकच्या सुमाराला वीज गेली.

पंखा थांबला. आतली घरघर थांबली. आता सगळ्या घराला एकच हवा उरली. टांगलेल्या चादरी अर्ध्या तासात कडकडीत वाळल्या. काकू त्या पुन्हा भिजवत होत्या, तेवढ्यात मेस्त्री अगदी स्पष्ट, जुन्या मेस्त्रीच्या आवाजात म्हणाले, "साचा उघडू नका रे. गरम आहे अजून."

काकूंनी वळून पाहिलं. मेस्त्री त्यांच्याकडे बघत होते, पण ओळखत नव्हते. ओठ निळसर पडले होते. कातडी तापलेली आणि पार कोरडी, घामाचा टिपूस नाही. आणि खोकला थांबला होता. सकाळपासून ते एकदाही खोकले नव्हते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. आज त्यांना जरा आराम आहे, असं समजून त्या मघाशी मनातून सुखावल्या होत्या.

त्यांनी हाक मारली. मुलगा धावत आला. एका नजरेत त्याला सगळं कळलं. त्याने गाडी बोलावली, पण वाट बघायला थांबला नाही. बापाला दोन्ही हातांवर उचललं आणि चार जिने उतरायला लागला. मेस्त्री इतके हलके झाले होते, की पहिल्या जिन्यावर तो दचकून थांबला, हातांत पूर्ण माणूस आहे ना, हे बघितल्यासारखा. काकू मागून ओली चादर घेऊन उतरत होत्या. तिच्यातलं पाणी पायऱ्यापायऱ्यांवर ठिबकत होतं. मेस्त्रींचं डोकं मुलाच्या खांद्यावर होतं आणि ते त्याच्या कानाशी पुटपुटत होते. पाळी बदलली का, भोंगा झाला का. मुलगा प्रत्येक वेळी उत्तर देत होता. झाला बाबा. झाला. चला घरी.

हॉस्पिटलात मेस्त्रींना थंडगार वॉर्ड मिळाला. घशात नळी घातल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, खोकताही येत नव्हतं. मशीनच त्यांच्या वाटचा श्वास घेत होतं. तिथे तशी अकरा माणसं होती, बहुतेक सगळी म्हातारी, बहुतेक सगळी वरच्या मजल्यांवरची. मुलाने रजा टाकली होती. साहेबाने ती एका शब्दात मंजूर केली आणि लवकर बरे व्हा असा निरोपही पाठवला. मुलाने तो आईला वाचून दाखवला नाही. काकू तीन दिवस पलंगाशी बसून होत्या. चौथ्या दिवशी पहाटे डॉक्टरांनी मशीन बंद केलं.

दुपारी कागद घ्यायला मायलेक खालच्या खिडकीशी गेले. बरीच मोठी रांग होती. खिडकीतला कारकून सभ्य माणूस होता. त्याने काकूंसाठी आतून खुर्ची मागवली. दाखल्यासोबत यंदा एक जादा फॉर्म भरायचा होता, उन्हाळ्यातल्या मृत्यूंची माहिती वर कळवायची म्हणून. तो एकेक प्रश्न वाचत होता, मुलगा उत्तरं देत होता. वय. काम. आजार किती वर्षांचा. मजला कितवा.

"घरात थंड खोलीची सोय होती का?" कारकुनाने विचारलं.

मुलाने खिडकीच्या गजांना धरलं.

"होती," काकू म्हणाल्या.

कारकुनाने खूण केली. "पेशंट त्या खोलीत बसायचे?"

"आई," मुलगा म्हणाला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. सांगू दिलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं, अगदी साहेबाच्या हसण्यापासून. काकूंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो सांगेल त्यात टॉवेल नसेल, हे त्यांना माहीत होतं. तो त्याने पाहिलाच नव्हता.

"बसायचे," त्या कारकुनाला म्हणाल्या. "मी असायचे शेजारी."

कारकुनाने दुसरी खूण केली. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. आणखी काही सांगायचंय का, असं त्याने विचारलं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. त्याने त्या मोकळ्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि कागद सहीसाठी फिरवून पुढे सरकवला.

काकूंनी पेन घेतलं. पूर्ण नाव लिहायचं होतं, त्यामुळे वेळ लागला. मागे रांग ताटकळत होती, पण कुणी घाई केली नाही.